ज्यांना मी अपुरं समजत होते

कीटक लहान राहिले, कारण त्यांना मोठं होताच आलं नाही. हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं. फुफ्फुसं नाहीत, रक्तातून ऑक्सिजन वाहून नेण्याची सोय बहुतेकांत नाही, आतून आधार देणारी हाडं नाहीत. फळ्यावर अशी ‘नाही’ची यादी काढायची आणि खाली लिहायचं: म्हणून आकार लहान. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत तेच लिहायची, मी पूर्ण गुण द्यायचे.

यादीतलं काही खोटं नव्हतं. खोटा होता तो माझा सूर. प्राण्यांचं वर्गीकरण शिकवताना माझ्या मनात एक उतरंड रचलेली असायची. सगळ्यांत वर माणूस, त्याखाली गाई-घोडे, मग पक्षी, साप, बेडूक, मासे, आणि अगदी तळाशी संधिपाद प्राणी आणि कृमी. पाठ्यपुस्तकात अशी उतरंड कुठेही छापलेली नव्हती. ती मी घरून आणली होती. माणसामाणसांतल्या उच्चनीचतेवर मी वर्गात पोटतिडकीने बोलायचे, आणि पुढच्याच तासाला निसर्गात तीच उच्चनीचता लावून मोकळी व्हायचे.

एकदा एका मुलीने विचारलं होतं, “बाई, ते एवढे कच्चे आहेत, तर आपल्या कितीतरी आधीपासून टिकले कसे?” मी म्हटलं, “ते अभ्यासक्रमात नाही.” ती खाली बसली. मला उत्तर येत नव्हतं, हे एक वेळ क्षम्य आहे. पण मला तो प्रश्नच आवडला नव्हता, आणि ते क्षम्य नाही.

तो का आवडला नव्हता, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. त्या सुराखाली किळस होती आणि किळसेखाली भीती. लहानपणी आमच्या गावी पहिला पाऊस पडला की संध्याकाळी बाभळी-कडुनिंबांवर हुमणीचे भुंगेरे यायचे आणि तिथून दिव्यावर. एक माझ्या केसांत अडकला होता. त्याच्या पायांचे आकडे केसांत रुतत गेले, काढायला गेले तसे आणखी रुतले. त्या रात्रीपासून सहा पायांचं काहीही मला सहन होईना. मोठी झाले, बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, आणि ती किळस झाकायला मला शास्त्राची भाषा मिळाली. ‘साधी शरीररचना’ म्हटलं की आपण घाबरतो हे कोणाला कळत नाही.

माझ्या मताला आधारही भक्कम होता. जे. बी. एस. हाल्डेन यांचा १९२६ सालचा योग्य आकाराविषयीचा निबंध मला फार प्रिय होता, आजही आहे. हाल्डेन १९५७ साली भारतात आले, इथले नागरिक झाले, १९६४ साली भुवनेश्वरला वारले. या माणसाविषयी मला आपलेपणा वाटतो. त्यांचं म्हणणं असं: प्राण्याची लांबी दुप्पट केली तर पृष्ठभाग चौपट होतो, वजन मात्र आठपट. म्हणून उंदीर खोल खाणीत पडला तरी उठून चालू लागतो आणि घोडा वाचत नाही. माशी पाण्यात बुडून निघाली तर अंगाला चिकटलेलं पाणीच तिच्या वजनाच्या कितीतरी पट असतं. आणि कीटकांत बाहेरच्या नळ्यांतली हवा हालचालीने बदलता आली, तरी आतल्या बारीक फाट्यांतून ती नुसती झिरपतच जाते. अंतर वाढलं की झिरपणं पुरत नाही, म्हणून त्यांच्या आकाराला मर्यादा. शेवटचा मुद्दा मी उचलला, बाकीचे सोडले. हाल्डेननी प्रत्येक आकाराला साजेशी एक रचना असते असं दाखवलं होतं. मी त्यातून ‘कीटक कमी पडले’ एवढंच घेतलं.

हे मत कुठल्या पुस्तकाने मोडलं नाही. ते माझ्या भाच्याच्या शेडमध्ये मोडलं.

भाचा बीड जिल्ह्यात शेती करतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कापसाची वाट लावली, त्यात त्याचंही शेत गेलं. पुढे त्याने तुती लावली आणि रेशीम अळ्या पाळायला सुरुवात केली. मी निवृत्त झाल्यावर त्याच्याकडे राहायला गेले, तेव्हा शेडच्या दाराशी उभी राहून बोलायचे, आत पाऊल टाकत नसे. हजारो अळ्या एकावर एक, पांढऱ्या, मऊ, सतत खात असलेल्या. पोटात ढवळून यायचं. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली आणि पाला टाकायला माणूस कमी पडू लागला, तेव्हा नाइलाजाने आत गेले.

त्या दिवशी रॅकवर सगळं शांत होतं. एकही अळी खात नव्हती. मी पाला टाकायला हात पुढे केला, तर तो म्हणाला, “आत्या, हात लावू नका. मोल्टला बसल्यात.”

रेशीमवाले कात टाकण्याला मोल्टच म्हणतात. अळी खाणं बंद करते, मान वर उचलते आणि दिवसभर किंवा जास्तच तशीच निश्चल राहते. बसण्याआधी ती आपले मागचे पाय बारीक रेशमी धाग्यांनी पानाला बांधून घेते. कात मागे पानाला धरून राहावी आणि आपण पुढे निघून जावं, म्हणून. कोणी तिला हलवलं तर ते बंधन तुटतं आणि कात निघत नाही. म्हणून हात लावायचा नाही. अळ्या-पाल्याच्या थरावर, म्हणजे बेडवर, चुन्याची पूड धुरळतात, बेड कोरडा राहतो, आणि जवळजवळ सगळ्या उठल्याशिवाय पाला देत नाहीत. हे सगळं त्याने मला चार वाक्यांत सांगितलं.

चौथी कात होती. मला रिकामं बसवेना. शाळेतलं भिंग माझ्या पिशवीत होतं, ते काढलं आणि एका अळीवर धरलं. किळस होतीच, पण भिंगातून पाहताना ती थोडी लांब राहते.

अळीच्या दोन्ही कुशींवर काळसर लंबगोल ठिपके दिसतात, एका बाजूला नऊ. ही श्वासरंध्रं. आकृतीत मी ती शेकडो वेळा काढली असतील. जिवंत अळीवर इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. तिचं जुनं डोकं पुढे टोपणासारखं राहिलं होतं आणि त्यामागे नवीन, फिकट, मोठं डोकं सुटायची वाट पाहत होतं. मग अंगातून एक लाट गेली, मागून पुढे. पुन्हा एक. टोपण सुटून पडलं. मानेपाशी कातडी फाटली आणि ती हळूहळू पुढे सरकू लागली, जुनी कात सुरकुतत मागे जाऊ लागली.

कात जिथे ठिपक्यांवरून सरकत होती, तिथे मला केसाहून बारीक धागे दिसले. प्रत्येक ठिपक्यातून एक झुबका बाहेर ओढला जात होता. मला वाटलं बेडवरचं काही अडकलंय. भाच्याला दाखवलं. तो न वाकताच म्हणाला, “दोरे निघतेत की आत्या. कायमच निघतेत.”

मला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा मी भिंग खाली ठेवलं. ते दोरे म्हणजे तिच्या श्वासनलिकांचं अस्तर होतं. कीटकाची श्वासनलिका म्हणजे बाहेरची त्वचाच आत वळून, फाटे फुटत, शरीरभर पोचलेली. म्हणून तिलाही आतून कायटिनचं अस्तर असतं, आणि कात टाकताना तेसुद्धा टाकावं लागतं. अळी नुसतं अंगावरचं कातडं सोडत नव्हती. ती आपल्या श्वासाच्या वाटांचं आतलं आवरण अठरा भोकांतून ओढून काढत होती, त्याच वाटांनी श्वास घेत. आणि हे ती चौथ्यांदा करत होती.

मी ज्याला ‘साधी शरीररचना’ म्हणत आले, ती ही.

दोन रांगा सोडून एक अळी अडकली होती. पुढचं अंग मोकळं झालेलं, शेपटीपाशी कात घट्ट आवळून बसलेली. मागचा भाग काळवंडत चालला होता. भाच्याने तिला उचलून बाजूला ठेवलं. “ही आता नाही वाचत,” म्हणाला. मी तिच्याजवळ बराच वेळ उभी राहिले. मी शिकवलेल्या आकाराच्या मर्यादा या एका अळीत दिसत होत्या. शरीर जितकं मोठं, तितक्या लांब नळ्या, तितकं जास्त अस्तर ओढायचं. कात निघाल्यावर अंग मऊ असतं, आधार कडक व्हायला वेळ लागतो. जमिनीवर राहणारा फार मोठा कीटक अशा वेळी कच्च्या मडक्यासारखा आपल्याच भाराने बसला असता. यादीतली प्रत्येक गोष्ट खरी होती. मी फक्त ती वरून खाली पाहत वाचली होती.

त्या रात्री मी वाचायला लागले, आणि लाज वाटावी इतकं काही मला माहीत नव्हतं.

मार्चेल्लो माल्पीगी या इटालियन शास्त्रज्ञाने १६६९ साली रेशीम अळीवर ग्रंथ लिहिला, लंडनच्या रॉयल सोसायटीने तो छापला. त्याने अळीच्या ठिपक्यांना तेल लावून पाहिलं. वाट बुजली, अळी मेली. गटारांत तेल टाकून डासांच्या अळ्या मारतात त्यामागेही हवेची वाट बुजवणं हेच आहे. ते मी पाहिलं होतं, शिकवलं होतं, आणि त्यातून कधीच विचारलं नव्हतं की या वाटा इतक्या महत्त्वाच्या असतील तर त्या नेमकं काय करतात.

त्या हवा थेट पेशीपर्यंत नेतात. ऑक्सिजन पाण्यापेक्षा हवेत सुमारे १०,००० पट वेगाने पसरतो. आपण त्याला फुफ्फुसात ओल्या पडद्यातून रक्तात घेतो, वाहून नेतो, पुन्हा ओल्या वाटेने पेशीत सोडतो. कीटक हवेची नळीच स्नायूपर्यंत घालतो. म्हणून उडणारा कीटक विश्रांतीच्या पन्नास-शंभर पट ऑक्सिजन जाळू शकतो. उत्तम धावपटूलाही वीस पटींच्या आसपास थांबावं लागतं. फुफ्फुस नसणं ही उणीव मानून मी गुण कापत होते, आणि लहान शरीरासाठी याहून चांगली रचना मला आजही सुचवता येणार नाही.

शिवाय ही रंध्रं बंद करता येतात. जमिनीवरच्या लहान प्राण्याला मोठा धोका वाळून जाण्याचा असतो, कारण त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार. अंगावर मेणाचा पातळ थर आणि हवेची दारं गरजेपुरती उघडणारी, या दोन गोष्टींवर कीटक कोरड्या जमिनीवर टिकले. काही पतंगांचे कोषातले जीव ही दारं तासन्‌तास जवळपास बंद ठेवतात. आकाराला मर्यादा घालणारी नळी आणि जीव वाचवणारी नळी एकच आहे. वर्गात मी तिची अर्धीच गोष्ट सांगितली.

हाल्डेनचा मुद्दाही आता तसाच उभा नाही. टोळ आणि मधमाश्या पोटाच्या हालचालीने हवा आत-बाहेर करतात हे जुनंच ज्ञान. पण २००३ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत जिवंत भुंगेरे, रातकिडे आणि मुंग्यांचे तीव्र क्ष-किरणांनी चलच्चित्र घेतलं गेलं, आणि त्यांच्या डोक्यातल्या, छातीतल्या नळ्या लयीत आवळताना आणि फुगताना दिसल्या. हवा नुसती झिरपत नव्हती, ढकललीही जात होती. मला वाटतं हाल्डेनना हे पाहून आनंद झाला असता. मला आधी अपराधी वाटलं.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले, हेही सांगायला हवं. मला एक नवं सोपं उत्तर सापडलं होतं. फ्रान्समधल्या कॉमान्त्री इथल्या कोळशाच्या खाणीत सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, चतुराच्या नात्यातले प्रचंड कीटक सापडले. शार्ल ब्राँगनियार यांनी १८८५ साली त्यांना मेगान्यूरा नाव दिलं. पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरहून जास्त. तेव्हा हवेत ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या वर असावा असा अंदाज आहे, आज २१. मला वाटलं, झालं: हवा बदलली, कीटक लहान झाले, त्यांचा दोष काहीच नाही. भाच्याच्या मुलाला मी हे इतक्या उत्साहाने सांगितलं की तो शाळेत सांगून आला.

तेही अपुरं निघालं. २०१२ साली क्लॅफम आणि कार या संशोधकांनी दहा हजारांहून जास्त जीवाश्म पंखांची मापं मांडली. सुरुवातीला कीटकांचा सर्वांत मोठा आकार ऑक्सिजनबरोबर वर-खाली होतो. मग साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी, पक्षी उडू लागले त्या सुमारास, ऑक्सिजन वाढतो तरी कीटक मोठे होत नाहीत. मोठा, संथ वळणारा कीटक पक्ष्याच्या चोचीत जात असणार. प्रयोगशाळेत जास्त ऑक्सिजनमध्ये वाढवलेले चतुर सुमारे १५ टक्के मोठे झाले, झुरळं मात्र मोठी झाली नाहीत. भुंगेऱ्यांचा अभ्यास वेगळंच दाखवतो: आकार वाढतो तसा शरीराचा जास्त वाटा नळ्यांनाच द्यावा लागतो, आणि पाय जिथे अंगाला जोडलेला असतो त्या अरुंद भोकातून पुरेशा नळ्या जाईनाशा होतात. म्हणजे हवा, कात, पायाचं भोक, पक्ष्याची चोच, सगळ्यांनी मिळून आकार ठरवला, आणि तोही प्रत्येक कुळाचा वेगळा.

मी एका सोप्या उत्तरावरून दुसऱ्यावर उडी मारली होती, फक्त बाजू बदलून. आधी कीटकांना खाली दाबत होते, नंतर त्यांची वकिली करत होते. पाहणं दोन्ही वेळा राहून गेलं होतं.

मला खरं गप्प केलं ते सगळ्यांत लहान कीटकांनी. दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांत वाढणाऱ्या काही गांधीलमाश्या इतक्या लहान असतात की त्यांतल्या एका जातीचा नर ०.१३९ मिलिमीटर भरतो. त्याला पंख नाहीत, डोळे नाहीत. दुसऱ्या एका जातीच्या मेंदूत आणि मज्जासंस्थेत मिळून सुमारे ७,४०० पेशी आहेत, आणि प्रौढ होताना त्यांतल्या बहुतेक पेशी आपलं केंद्रकच टाकून देतात, जागा वाचवायला. तरीही ती उडते, यजमान शोधते, अंडं घालते. मी ‘केंद्रकाशिवाय पेशी फार काळ काम करत नाही’ असं शिकवलं आहे. तेही चूक नाही. हिचं आयुष्यच थोड्या दिवसांचं आहे. लहान होण्यालाही मोठं होण्याइतकीच किंमत आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी लहानपण म्हणजे काही न करता उरलेली जागा समजत होते.

आता काय बदललं, असं कोणी विचारलं तर उत्तर थोडं आहे. शेडमध्ये मी रोज जाते, अळी हातावर घेते. तिच्या पोटाचा स्पर्श थंड आणि कोरडा असतो. इतकी वर्षं मी तो चिकट असेल असं धरून चालले होते. अंड्यातून निघाल्यापासून साधारण पंचवीस दिवसांत तिचं वजन सुमारे दहा हजार पट होतं. उन्हाळ्यात शेड तापली की अळ्या कमी खातात, कोष हलके भरतात, म्हणून खिडक्यांना ओलं गोणपाट बांधायचं काम मी मागून घेतलं आहे. झुरळ मात्र अजून मारते. ते तीन मिलिमीटरच्या फटीतून जाऊ शकतं आणि आपल्या वजनाच्या नऊशे पट दाब सोसू शकतं हे माहीत झाल्यावरही हात चपलेकडेच जातो. फक्त मारताना त्याला क्षुद्र म्हणत नाही. स्वयंपाकघर माझं आहे, त्यामुळे मारते, एवढंच कारण आता उरलं आहे.

आणि एक गोष्ट सुटलेली नाही. भाच्याचे कोष जालन्याच्या बाजारात जातात. तिथून पुढे आतला जीव उष्णता देऊन मारतात, कारण पतंग बाहेर पडला तर धागा तुटतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं आणि कधी टोचलं नव्हतं. आता कोष भरायच्या दिवशी मी काहीतरी काम काढून गावात जाते. याला पळून जाणं म्हणतात. माझ्या कपाटातल्या रेशमी साड्या मी टाकलेल्या नाहीत, नेसतेही. एकदा भाच्याला विचारलं, “तुला काही वाटत नाही का रे?” तो म्हणाला, “मोल्टमध्ये एक जरी अडकली तरी वाटतं, आत्या. पण कोषांचं वाटून घेतलं तर बोंडअळीच्या सालचं कर्ज कशानं फेडायचं?”

त्याचं कर्ज मी पाहिलं आहे, आणि ते दोरेही. या बाबतीत माझं मत अजून बनलेलं नाही.